याच्यात ठेवसान काय?

टेम्पोत डेस्क चढवून झालं होतं. खाली जुनी गोधडी, बाजूनं खताची रिकामी पोती, वरून सुताची दोरी. नातू गाठ आवळत होता. मी आजींच्या हातात पैसे दिले, त्यांनी ते न मोजता चंचीत सारले, ओट्यावरून हळूहळू उतरल्या आणि टेम्पोच्या फाळक्याला धरून उभ्या राहिल्या. डेस्कच्या उतरत्या झाकणावर त्यांनी हात ठेवला. मला वाटलं, आता डोळ्याला पदर लावतील. तसलं काही झालं नाही. झाकणावर वाळून चिकटलेली कोंबडीची शीट त्यांनी नखानं खरवडून काढली आणि अगदी चौकशीच्या सुरात विचारलं, "बाई, याच्यात ठेवसान काय तुमी?"

मी म्हटलं, "कागदं, पुस्तकं... असंच काही."

"असंच," त्या म्हणाल्या आणि मान हलवली.

घरी येईपर्यंतचे अठरा किलोमीटर मी त्या 'असंच'वर अडकून राहिले. तुरी निघाल्या होत्या, बांधाबांधावर तुराट्यांचे भारे उभे होते, कुठं कुठं पऱ्हाटी उपटणं चाललं होतं. एरवी या दिवसांत आर्णीच्या रस्त्यानं जाताना मला फार बरं वाटतं. त्या दिवशी दोन गोष्टी टोचत होत्या. एक म्हणजे त्यांनी चार हजार सांगितले आणि मी सवयीनं साडेतीन म्हटलं, तर त्या लगेच 'द्या' म्हणाल्या. घासाघीस करणाऱ्याला समोरच्यानं असं चटकन हो म्हणणं फार लागतं. दुसरी म्हणजे तो प्रश्न. दोन वर्षं मी जुनं टेबल शोधत होते. लाकूड कोणतं, उंची किती, पॉलिश कसं, भाव काय, सगळ्याची उत्तरं माझ्याजवळ तयार होती. त्यात ठेवणार काय, हे मला कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, वाढईकाकांनी नाही, माझं मलाही नाही.

डेस्क म्हणजे ज्याला खुर्ची लावून बसतो ते नव्हे. जिनिंगात, अडतीच्या दुकानात, गादीवर मांडी घालून बसलेल्या दिवाणजींच्या पुढ्यात असायचं तसलं. दोन हात लांब, सव्वा हात रुंद, जमिनीपासून दीड वीत उंच. झाकण लिहिणाऱ्याच्या अंगाला उतरतं. वरच्या सपाट पट्टीत दौतीसाठी कोरलेला गोल खळगा आणि टाक ठेवायची पन्हळ. खळग्याभोवती निळ्या-काळ्या शाईचा डाग इतका आत मुरलेला, की तो डाग आहे की लाकडाचाच डोळा, हे कळू नये. झाकण उचललं की मोठं पोट, डाव्या अंगाला चार लहान कप्पे. कुलपाच्या जागी पितळेची लहानशी पाकळी आणि तिच्यामागं नुसतं भोक. कुलूप कधीतरी उचकटून काढलेलं. चावीचं विचारलं तर आजी म्हणाल्या, "थे तं कवाचीच हरपली." गोठ्याशेजारच्या खोलीत हे पडलेलं होतं. वर फवारणीचा पंप, त्यावर कोंबडी.

मला खरं तर असलं बैठं डेस्क नकोच होतं. टेबल हवं होतं. मी तालुक्याच्या गावी शिकवते, पेपर तपासते ते पलंगावर बसून, आणि पन्नाशी जवळ आल्यावर कंबर त्याचा हिशेब मागायला लागली. घरात जेवणाचं सनमायकाचं टेबल आहे, त्यावर सगळ्यांचं सगळं चालतं. भाजी निवडणं, इस्त्री, मुलाचा लॅपटॉप, बियाण्याची पाकिटं, पाहुण्यांचा नाश्ता. त्यातलं एक कोपरं माझं म्हणून मी धरून ठेवायचे आणि दर संध्याकाळी ते उचलून द्यायचे. नवं टेबल घेता आलं असतं. जुनंच का, तर खोटं कशाला बोलू, मोबाइलवर कोणाकोणाची घरं पाहून. पितळी मुठींचे खण, काळपट सागवान, खिडकीतून येणारं ऊन, शेजारी मनीप्लांट. आमच्या खिडकीतून येतो तो शेजारच्या थ्रेशरचा भुसा, हा भाग वेगळा.

पहिल्यांदा नागपूरला गेले. तिथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात दुकानदाराच्या लेखी प्रत्येक वस्तू शंभर वर्षांची होती. शंभर हा आकडा कायद्यातला आहे. १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू म्हणवून घ्यायला शंभर वर्षं लागतात, हस्तलिखितांना पंचाहत्तर पुरतात. पण दुकानदारांनी तो असा काही पाठ करून ठेवलाय, की अठ्ठ्याण्णव वर्षांची वस्तू विदर्भात एकही नसावी. मला दाखवलेलं मेज चहाच्या काढ्यासारखं काळं होतं. हात फिरवला तर कोपरे ठिकठिकाणी झिजलेले, पण झीज अशा जागी जिथं माणसाचा हात पोचतच नाही. खण ओढून काढला. तळाला प्लायवूड, बाजूला अधिक चिन्हाचे स्क्रू. हे स्क्रू अमेरिकेत निघाले त्यांचं पेटंट १९३६ चं. दुरुस्तीत बसवलेला एखादा समजू शकते, इथं सगळेच तसले. आंब्याच्या लाकडाला पोटॅशियम परमँगनेटचं पाणी मारून म्हातारं केलेलं ते मेज होतं. भाव बावीस हजार. मी म्हटलं, विचार करून सांगते. दुकानदार हसला, त्यालाही माहीत होतं.

मला पाहायला शिकवलं ते आमच्या गावच्या वाढईकाकांनी. त्यांचा मुलगा पुण्याला आहे, रंधा-पटाशी आता गोणपाटात गुंडाळलेल्या असतात, पण लाकडाचा विषय निघाला की हातातला खर्रा बाजूला ठेवतात, म्हणजे विषय किती गंभीर ते बघा. त्यांचा पहिला धडा होता, "समोरून तं सारेच नवरदेव रायतात, मॅडम. मांगून पाहा." म्हणून मी मागून पाहायला शिकले. खण पूर्ण काढायचा आणि पालथा करायचा. खालच्या अंगाला पॉलिश नसतं, तिथं लाकूड खरं बोलतं. बोटांची टोकं फिरवली की हातरंध्याच्या हलक्या लाटा लागतात. मशीनची फळी काचेसारखी सपाट. करवतीचे ओरखडे सरळ रेषेत असले तर हातकरवत, धनुष्यासारखे वाकडे असले तर गोल पात्याची आरागिरणी. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत बोटं गुंतवल्यासारख्या बसवलेल्या असतात. ती बोटं सगळी एका मापाची नसली तर आनंद मानायचा. नखानं थोडं खरवडून हुंगायचं, सागवानाला चामड्याच्या जवळ जाणारा तेलकट वास येतो, कितीही जुनं असलं तरी. आणि सगळ्यात शेवटी पाय. शेणानं सारवलेल्या घरात राहिलेल्या सामानाचे पाय खालची चार बोटं काळे पडलेले असतात, वर्षानुवर्षं सारवण पिऊन. दह्यादुधाच्या जाळीच्या आलमारीचे तर हमखास, कारण मुंग्या चढू नयेत म्हणून ते पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे. नागपूरच्या त्या मेजाचे पाय तळापासून माथ्यापर्यंत एकाच रंगाचे होते. ते कधी कोणाच्या घरात राहिलंच नव्हतं.

किडीचंही त्यांनीच सांगितलं. भोकं दिसली म्हणून घाबरायचं नाही, भोकं जुनी असतात. वस्तूखाली रात्रभर काळं कापड अंथरून ठेवायचं. सकाळी कणकेसारखी पांढरी भुकटी पडलेली दिसली तर किडा आत जिवंत आहे, नसली तर तो कधीच जेवून गेला. सागाच्या गाभ्याला उधई सहसा तोंड लावत नाही, पण कडेचं पिवळट पांढरं लाकूड ती सोडत नाही, आणि हल्लीच्या लवकर तोडलेल्या सागात ते पांढरंच जास्त. हे ऐकताना मला आपल्याकडच्या गोष्टीचं हसू आलं. सी. पी. टीक, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला साग, म्हणून देशभरच्या बाजारात ज्याचं नाव चालतं ते आपल्याच भागातलं लाकूड. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं तेव्हा केवढी मिरवणूक निघाली होती. दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरकडचं सागवान आहे. आणि आमच्या गावात गेल्या दहा वर्षांत बांधलेल्या घरांतून मी जेवढे किचन आणि वॉर्डरोब पाहिले, ते सगळे सागवानी रंगाच्या सनमायकाचे.

ऊनही लक्षात घ्यावं लागतं आपल्याकडं. समुद्राकाठच्या दमट हवेत मुरलेलं एखादं सुंदर कपाट मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या घरात आणून ठेवलं, तर पंधरा दिवसांत रात्री कडकड आवाज करत ते तडकतं. त्यात आपले कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तो ओला वारा माणसाला स्वर्ग, लाखेच्या पॉलिशला मात्र काळ. पांढुरका धुरकट थर चढतो. म्हणून जुनं सामान घ्यायचं तर या हवेत मुरलेलं, शक्यतो विदर्भातलंच, हा माझा अनुभवाअंती झालेला हट्ट.

त्याच हट्टापायी पवनीकडं एका मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या, वाड्यातलं कपाट पाहायला गेले होते. काय कपाट होतं! साडेसात फूट उंच, बिजागऱ्या हाताच्या पंज्याएवढ्या, आत दप्तरं उभी ठेवायला अरुंद कप्पे. अशी चाळीसेक घरं असतील एकट्या एका दाराच्या आत. मालगुजारी गेली ती १९५० च्या कायद्यानं. दप्तरं सरकारजमा झाली आणि कपाट राहिलं. त्या अरुंद कप्प्यांत पुढं काहीच नीट मावेना. घरच्यांनी मधल्या फळ्या तोडून गोधड्या कोंबल्या होत्या. मी मापं घेतली, मनातल्या मनात ते आमच्या बैठकीत उभंही केलं आणि मग आठवलं की आमचं दार साडेसहा फुटांचं आहे. येताना नवरा म्हणाला, "पहिले दार मोजायचं असते." बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला.

पण त्या कपाटानं एक गोष्ट डोक्यात सोडली, ती डेस्क आणल्यावर उगवली. जुन्या सामानाची मापं कोणी सुंदर दिसावं म्हणून ठरवलेली नसतात. आत काय ठेवायचं ते आधी ठरलेलं असतं, लाकूड त्याच्याभोवती फिरतं. डेस्कचं पोट मी टेपनं मोजलं. ते लांबट, मधून दुमडायच्या त्या लाल बहीखात्याच्या मापाचं आहे. आजचा ए-फोर कागद त्यात ठेवला तर आजूबाजूला बरीच जागा उरते आणि कागद त्यात सरकत राहतो, मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखा. कप्प्यांतलं एक घर रुंद आणि उथळ आहे, त्यात टीपकागद. एक खोल आणि गोल तळाचं आहे, ते सुट्या नाण्यांसाठी, बोटानं वर ओढायला सोपं जावं म्हणून.

आजींचे यजमान शकुंतला रेल्वेच्या वाटेवरच्या एका गावात जिनिंगात दिवाणजी होते. बहात्तर म्हटलं की आपल्याकडं दुष्काळच आठवतो, पण त्याच वर्षी सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. जिनिंग चालू राहिली, कापूस येत राहिला, पण तो आता सरकारचा. मालकाच्या गादीवर बसून भाव लावायचं, बंड्या मोजायचं, चुकारा लिहायचं काम उरलं नाही. शेतकऱ्याला ते बरं की वाईट यावर आमच्या घरात अजूनही वाद होतात, त्यात मी शिरत नाही. दिवाणजींचे दोन महिन्यांचे पैसे राहिले होते. मालक म्हणाला, पैसे तर नाहीत, हे घेऊन जा. बंडीत घालून ते डेस्क घरी आणलं. पुढं त्यांनी शेती केली, आणि रोज संध्याकाळी हातपाय धुऊन त्या डेस्कपुढं बसून घरचा हिशेब लिहिला, मिठापासून. झाकणाला कुलूप. चावी करदोड्याला.

हे आजींनी पहिल्या भेटीत सांगितलं तेव्हा मी झाकणाखालचे सांधे पाहत होते. चावीचं वाक्य कानात पडलं, डोक्यात नाही.

माझ्या आजीला आम्ही मोठीमाय म्हणायचो. पुसदकडचं घर, मातीचं, मधल्या खोलीत भिंतीला लागून गाडग्या-मडक्यांच्या तीन उतरंडी. सगळ्यात खाली ज्वारीचं मोठं मडकं, वर डाळी, वर तीळ-जवस, अगदी वर मुठीएवढ्या गाडग्यात ओवा. कोणत्या उतरंडीत खालून कितव्या मडक्यात तिनं फडक्यात बांधून पैसे ठेवलेत ते आजोबांना कधी कळलं नाही, आणि कळलं असतं तरी काढता आलं नसतं; एक मडकं काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागतात, आणि मडक्यांचा आवाज अख्ख्या घराला ऐकू जातो. ती तिची तिजोरी. बियाणंही तिच्याच ताब्यात. आढ्याला टांगलेली निवडक कणसं, राखेत घोळलेली भोपळ्याची, वालाची बी, कडुनिंबाच्या पाल्याखाली झाकलेली तूर. पेरणीच्या आदल्या दिवशी ती सरकी शेणकाल्यात चोळायला काढायची, तोवर त्या खोलीत कोणाचं काही चालायचं नाही. नंतर संकरित वाण आले, २००२ नंतर बीटीची पाकिटं आली आणि बियाणं दुकानात गेलं. बियाण्याबरोबर त्या खोलीतला तिचा शब्दही गेला असं मला आज वाटतं, त्या वेळी मात्र आम्हाला पाकिटावरच्या पांढऱ्याशुभ्र बोंडाच्या चित्राचं कौतुक होतं.

माझं लग्न १९९८ चं. आंदणात आलमारी द्यायचीच होती, लोखंडी, आरशाची. गोदरेजनं पोलादी कपाटं करायला घेतली १९२३ मध्ये, ती आमच्या भागात लेकींच्या लग्नांतून पोचायला मधे दोन-तीन पिढ्या गेल्या. माझी काही गोदरेजची नव्हती, तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्यानं त्या घाटाची केलेली, मोरपंखी रंगाची. म्हणायचे मात्र सगळे 'पोरीले गोदरेज देल्ली'. त्यासाठी बाबांनी घरातली जाळीची आलमारी आणि मोठीमायचा सागवानी संदूक फिरत्या व्यापाऱ्याला विकला. किती आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. संदूक बाहेर काढताना त्याच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या लुगड्यांचा वास होता, तो मांडवात दोन दिवस रेंगाळला होता. म्हणजे हिशेब असा, की ज्या वस्तू विकून माझी आलमारी आली तसल्याच वस्तू मी पंचवीस वर्षांनी नागपूरपासून पवनीपर्यंत शोधत फिरत होते, आणि वाढईकाकांकडून शिकलेल्या सगळ्या खुणा त्या संदुकाला होत्या. खालची चार बोटं काळी. मला पक्कं आठवतं, मी त्याला टेकून अभ्यास करायची.

त्या मोरपंखी आलमारीला दोन चाव्या होत्या. एक लग्नानंतर आठवड्याभरात सासूबाईंकडं गेली, हरवू नये म्हणून, आणि दुसरी देवघरामागच्या खिळ्याला, सगळ्यांना सापडावी म्हणून. यात कोणाचा काही वाईट हेतू नव्हता. आतल्या लॉकरमध्ये नवऱ्याचे शेताचे कागद, सोसायटीची कर्जाची पासबुकं, माझं मंगळसूत्र, सासूबाईंच्या पाटल्या, सगळं एकत्र. मला लपवायला काही नव्हतं. अजूनही नाही. त्यामुळे चावीचा विचार करायची वेळच आली नाही, इतकी वर्षं.

डेस्क वाढईकाकांच्या अंगणात महिनाभर होतं. त्यांनी आधी ते पालथं केलं, ठोकलं, हुंगलं आणि निकाल दिला, "समोर साग, बाजूले शिवन. त्या काळीबी लोक हुशारच होते." दिसेल तिथं चांगलं लाकूड, लपेल तिथं स्वस्त, म्हणजे सनमायकाला नावं ठेवताना मी जरा बेतानं बोलायला हवं. शिवणीची एक बाजू कुजली होती, ती बदलली. शाईचा डाग काढू का विचारलं, मी नको म्हटलं. चपड्याचं पॉलिश करायचं की तेल, यावर दोन दिवस गेले. शेवटी कूलरचा विचार करून तेल ठरलं, जवसाचं, उकळलेलं. कच्चं लावलं तर महिनोन् महिने चिकट राहतं आणि धूळ धरतं. पातळ हात, दोन दिवस थांबायचं, पुसायचं, पुन्हा हात. अंगणभर जवसाचा वास, चटणी करताना येतो तोच, पण जरा कडवट. तेलाची फडकी ते एकेक करून दोरीवर पसरून वाळवायचे. मी ती गोळा करून कोपऱ्यात ठेवायला गेले तर ओरडले. ढीग करून ठेवलं तर जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेट घेतं. एवढी वर्षं आपण हे पोळीवर घेऊन खातो!

बैठ्या डेस्कला खुर्चीच्या उंचीवर आणायला त्यांनी खाली चार पायांची साधी चौकट केली, डेस्कला एकही खिळा न मारता, नुसतं वर ठेवायचं. उद्या कोणाला पुन्हा मांडी घालून बसायचं असेल तर बसता यावं. मी म्हटलं, कुलूपही बसवा. ते खर्रा मळता मळता थांबले.

"कुलूप कायले, मॅडम? घरातच तं हाये."

मला कारण देता येईना. मी म्हटलं, भोक उघडं राहिलं की आत झुरळं जातात. ते पटलं त्यांना. त्या पितळी पाकळीत बसेल असं जुन्या घाटाचं कुलूप त्यांनी त्यांच्याच खिळ्यांच्या डब्यातून शोधून काढलं. चावी एकच.

पहिल्या दिवशी मी त्यात विजेची बिलं ठेवली आणि संध्याकाळी काढून घेतली. मग तपासायचे पेपर ठेवून पाहिले. ते सरकले. मुलानं त्यात चार्जर टाकला, तो मी त्याच्या हातात परत दिला. आठ दिवस डेस्क रिकामं होतं, येणारा-जाणारा झाकण उचलून पाहायचा आणि छान आहे म्हणून आपटून बंद करायचा. नवव्या दिवशी एक वस्तू ठेवली आणि चावी फिरवली. काय ते इथं लिहीत नाही. लिहायचंच असतं तर कुलूप कशाला बसवलं असतं. घरात दोन दिवस थोडी विचारपूस झाली. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी जेवताना, भाताकडं पाहत, "मोठं मजबूत लावलं कुलूप" एवढंच म्हटलं. आवाजात राग नव्हता. काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

अखजीनंतर त्या बाजूला एका लग्नाला गेले होते, तेव्हा आजींकडं वळले. पाचशे रुपये पाकिटात घालून नेले होते. ते कसे द्यायचे याची वाटभर तयारी केली आणि शेवटी नातवाच्या हातात, खाऊला म्हणून, कोंबले. आजी ओट्यावर बसून वाती वळत होत्या, घरच्याच कापसाच्या, मांडीवर. ऊन ओसरीपर्यंत आलं होतं. मी मोबाइलवर डेस्कचा फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून, मग जवळ धरून पाहिला. "उजयलं," म्हणाल्या. मग आपणहूनच बोलायला लागल्या. दिवाणजी गेले त्या दिवशी करदोडा तोडला तेव्हा चावी मोठ्या मुलानं काढून घेतली, पण तेराव्याच्या गडबडीत ती कुठं ठेवली ते त्यालाच आठवेना. मग कुलूप उचकटलं. "लग्नाले पन्नास वर्सं होत आल्ते, बाई. म्या थ्याच्या आंत तवा पाह्यलं."

"काय होतं आत?"

"कागदंच कागदं. पावत्या, वह्या. मिठाचा हिशोब." वातीला पीळ देत त्या थोडं थांबल्या. "अन् साबनाची वडी होती एक. वासाची. कोरी, कागदातली."

कोणासाठी घेतली असेल, कधी घेतली असेल, द्यायची राहिली की द्यायचीच नव्हती, हे सगळं माझ्या तोंडावर आलं असणार, कारण त्या हसल्या. पुढचे दोन दात नाहीत त्यांना.

"थे म्या वापरली. चार महिने पुरवली."

मीही हसले. नातू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला. गोठ्याशेजारच्या त्या खोलीचं दार उघडं होतं, डेस्क होतं तिथं आता खताच्या बॅगांची थप्पी दिसत होती. आजींनी वळलेली वात ताटलीत ठेवली, कापसाचा दुसरा पेळू घेतला.

"ठेवलं काई त्याच्यात?"

"ठेवलं."

काय, ते त्यांनी विचारलं नाही. पेळू दोन बोटांत ताणून पाहिला.

"अन् चावी कोनापाशी हाये?"

"मायापाशी," मी म्हटलं.

त्यांनी आत सुनेला हाक मारली आणि चहात साखर जरा जास्त टाक म्हणून सांगितलं.